पाठीला लागलेला हात

केशवचा फोन आला तेव्हा मधुसूदनच्या समोर एक गिऱ्हाईक तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन बसलं होतं. "हे बरं, की हे?" असं विचारत त्यानं एका हातानं भिंग बदललं आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. केशव त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि आता त्याचा वकील. दुपारी त्याचा फोन आला की तो तारखेचाच असायचा. "मध्या, सुटलास," केशव म्हणाला. "बाई तयार झाली. शनिवारी लोकअदालत आहे, तिथं तडजोड करून टाकू. तिच्या मनात आता काही नाही म्हणते. माफ करतेय तुला." गिऱ्हाईक म्हणालं, "पहिलंच बरं होतं." मधुसूदननं मान हलवली, पण कुणाला हलवली ते त्याचं त्यालाच समजलं नाही. फोन ठेवून त्यानं पेटीतलं पुढचं भिंग उचललं, फ्रेममध्ये बसवलं आणि समोरच्या तक्त्याकडं बोट केलं. "साहेब, आता तर काहीच दिसंना," गिऱ्हाईक म्हणालं. त्यानं चुकीचं भिंग घातलं होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते भिंग काढताना त्याच्या बोटांना घाम आला होता आणि काचेवर त्याचा अंगठा उमटला. माफ. केशवनं तो शब्द घाईत, आनंदात उच्चारला होता. आपण त्याच आनंदानं तो ऐकायला हवा होता, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचाच मग राग आला.

दुकान शहागंजात पहिल्या मजल्यावर होतं. पोलिस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांनी वडिलांनी थाटलेलं. खालून वर येणारा जिना उभा आणि अरुंद, धरायला एका बाजूला दोर. केस घालणारी दगडाबाई त्या जिन्यानं पहिल्यांदा वर आली ती धापा टाकत, पण हसत. "चष्मेवाल्या, लई वर बसलास रं, देवळावानी," असं म्हणाली होती. ती खुलताबादकडची, शेतीवाडी असलेल्या घरातली. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं तिला इंग्रजी ‘ई’सारख्या तीन पायांच्या खुणांचा तक्ता लावला. पाय कुठल्या बाजूला आहेत ते ती तीन बोटं करून दाखवायची, आणि बोटं दाखवताना लहान मुलीसारखी खूष व्हायची. तिला दोन नंबरांचा चष्मा लागला, वरून लांबचं बघायचं, खालून जवळचं. तो न्यायला ती पुढच्या आठवड्यात आली, तेव्हा बाकावर आणखी दोघं-तिघं बसलेले होते. तिनं चष्मा डोळ्याला लावला, खाली पाहिलं आणि घाबरली. "जमीन वर आली," म्हणाली. त्यानं सांगितलं, पहिले दोन दिवस असंच वाटतं, जिना उतरताना मान खाली घाला, वरच्या भिंगातून बघा. हे तो सगळ्यांना सांगायचा, तिलाही सांगितलं. पण तिचं भय रागात गेलं. खोटा नंबर काढलास, बाईमाणूस बघून फसवतोस, असं ती मोठमोठ्यानं म्हणू लागली. मग त्याचाही आवाज चढला. "नको असेल तर काढून ठेवा आणि निघा. इथं तमाशा नको," असं तो म्हणाला. हे तो म्हणाला होता, आणि हे त्यानं कधी नाकारलं नाही. जिन्याखाली कुलपं-किल्ल्यांची गाडी लावणाऱ्या पुंजारामनं हेच शब्द पोलिसांना सांगितले.

ती चष्मा न काढताच निघाली. हनुवटी वर, पदर खोचलेला, काठी बगलेत. दारातून त्याला तिची पाठ दिसली आणि तिचं पाऊल दिसलं. पायरी जिथं नव्हती तिथं ते पाऊल पायरी शोधत होतं. तो झेपावला. त्याचा तळवा तिच्या पाठीला लागला, लुगड्याचं जाड सूत बोटांना लागलं, आणि ते सूत बोटांतून निसटलं. त्यानंतरचा आवाज. मग तो स्वतःच खाली धावला, तिला उचललं, रिक्षात घातलं. रिक्षावाला सारखा मागं वळून विचारत होता, "क्या हुआ चाचा अम्मा को?" आणि दगडाबाईनं घाटी दवाखाना येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही. "बाबा, सोडू नगं," म्हणत होती. तिचा हात कोरडा, खरखरीत आणि फार जोरात धरणारा होता. मांडीचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी तिचा मुलगा काकासाहेब आला, त्यानं मधुसूदनचे आभार मानले, चहा घ्या म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं पोलिसांना जबाब दिला की चष्मेवाल्यानं रागानं पाठीमागून ढकललं.

एका संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत त्या बाईच्या मनात काय झालं, या एका प्रश्नावर मधुसूदननं पुढची सहा-सात वर्षं काढली. मुलानं पढवलं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दवाखान्यातला तो चहा आठवला की त्याला काकासाहेबाच्या हसऱ्या चेहऱ्याची किळस यायची. केस उभी राहिली, पण चालेना. कधी साहेब रजेवर, कधी सरकारी वकील नवे, कधी पुंजाराम गावाला गेलेला. मधुसूदन प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि कोर्टाच्या बाकावर बसायचा. पहिल्याच वर्षी केशवनं त्याला सांगितलं होतं की साक्षी संपल्या की शेवटी कोर्ट आरोपीला विचारतं, तुम्हाला काही सांगायचंय का? त्या एका प्रश्नाच्या आशेवर तो जगत होता. काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवलं होतं. आधी चष्म्याचं, मग भांडणाचं, काहीही न लपवता, मग पावलाचं, मग हाताचं. दुकान उघडताना, पुंडलिकनगरच्या घरून स्कूटर काढताना, आंघोळीला बसला की तो जबाब त्याच्या आत आपोआप सुरू व्हायचा. कधीकधी तो हात पुढं करून बघायचा. धरायला गेलेला हात आणि ढकलायला गेलेला हात निघताना सारखाच दिसतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. फरक बोटांत असतो. धरताना बोटं वळतात. आपली वळली होती. वळली होतीच. लुगड्याचं सूत त्याशिवाय बोटांना कसं लागेल? मग एखाद्या दिवशी हेही मनात यायचं, की सूत आठवतं ते त्या दिवसाचं, की इतक्या वेळा आठवून बोटांना सवय झालेलं?

त्या संध्याकाळी घरी त्याची बायको दमयंती दारातच उभी होती. तिला बातमी आधीच कळली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. केशवनं सांगितलं असेल असं त्याला वाटलं. "शनिवारी निळा शर्ट घाला," ती म्हणाली. "अहो, निदान आता तरी हसा." त्याला हसता येईना. केसपूर्वी एक संस्था त्याला खेड्यापाड्यांतल्या डोळे तपासणीच्या शिबिरांना बोलवायची. केस लागल्यावर त्यांनी अतिशय गोड शब्दांत बोलावणं बंद केलं. ते आता परत बोलावतील, असं दमयंती म्हणत होती. हळदीकुंकवाला गेलं की बायका बोलता बोलता थांबतात, तेही थांबेल. ती पोळ्या लाटत बोलत होती, आणि तिच्या पाठीकडं बघताना त्याला जाणवलं की इतक्या वर्षांत ही पहिल्यांदाच एवढं सलग बोलते आहे. "पण मी ढकललं नाही," तो म्हणाला. दमयंतीचं लाटणं क्षणभर थांबलं. "मी कुठं म्हणतेय?" ती म्हणाली, आणि पुन्हा लाटू लागली.

शनिवारी कोर्टाच्या आवारात लग्नासारखा मांडव होता. खुर्च्या, पाण्याचे जार, भिंतीवर कापडी फलक, 'ना कोणाचा विजय, ना कोणाचा पराजय' अशा अर्थाचं काहीतरी. थकलेल्या बिलांची माणसं, बँकेची माणसं, एक नवराबायको शेजारी बसून दोन दिशांना बघत होती. केशव कागद तयार करायला गेला. दमयंती पाणी आणायला गेली. मधुसूदन व्हरांड्यात उभा होता, तेवढ्यात काठीचा आवाज आला. दगडाबाई त्याच्याकडं येत होती, एकटीच. पाय आखडून गेला होता, प्रत्येक पावलाला तिचं अख्खं अंग एका बाजूला कलत होतं. ती इतकी म्हातारी झाली होती याचा त्याला धक्का बसला. सगळ्या तारखांना त्यानं तिच्याकडं बघणंच टाळलं होतं.

"बस की," ती बाकावर बसत म्हणाली. तो बसला.

"मावशी, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला काकासाहेबानं तसं सांगायला लावलं ना?"

"काय?"

"मी ढकललं म्हणून."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, नुसतं नवल होतं. "त्यो तर नगं म्हणत व्हता. पोलिसाच्या भानगडीत पडू नगं म्हणला. म्याच म्हणलं, जे झालं ते सांगणार. मला पाठीला हात लागला, बाबा. हात खोटा नव्हता."

"लागला. पण मी धरायला आलो होतो. तुमचं पाऊल चुकत होतं. चष्म्यामुळं पायरी भलतीकडं दिसते, मी सांगितलं होतं तुम्हाला. मी धरायला धावलो."

समोर कुणीतरी नावं पुकारत होतं. "ढकलायचा हात अन् धरायचा हात पाठीला येगळा लागतो व्हय?" दगडाबाई हळूच म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, ती खरंच विचारत होती. "मला मागं डोळं नाय. हात लागला अन् म्या पडले, येवढंच मला ठावं."

"मग तेवढंच सांगा आत. हात लागला आणि पडले. ढकललं म्हणू नका."

"आता कायच म्हणत नाय की. मिटवायलाच आले ना म्या." ती काठीवर दोन्ही हात ठेवून पुढं वाकली. "हे बघ, इतकी वर्सं म्या समद्यांना सांगितलं, ढकललं. गावाला सांगितलं, सुनंला सांगितलं. आता धरलं म्हणले तर म्या खोटी झाले. मला कशाला खोटी पाडतोस? म्या तुला पदरात घेतलं, तू मला खोटी पाडू नगं." मग तिचा आवाज मऊ झाला. "मानूस हाय, रागात होतं. तुझी बायको बी तेच म्हणली."

"कोण?"

"तुझी बायको. आली व्हती की खुलताबादला, ओटी घिऊन. लई रडली. म्हणली, मावशी, त्यांच्या हातून रागाच्या भरात झालं, त्यांना कबूल करता येत नाय, तुमीच मोठ्या मनानं मिटवा. तिच्याकडं बघून म्या तयार झाले. नायतर कशाला?"

व्हरांड्यातला गोंगाट तसाच चालू होता. मधुसूदनला वाटलं आपल्या डोळ्यांवर कुणीतरी भलत्याच नंबरचं भिंग घातलंय. खांब, माणसं, मांडव, सगळं होतं तिथंच होतं आणि कशाचीही कड दिसत नव्हती. दमयंती पाण्याची बाटली घेऊन समोरून येत होती. त्या दोघांना एका बाकावर बघून ती थांबली, आणि तिचा चेहरा त्याला वाचता आला. त्याच क्षणी त्यांचं नाव पुकारलं गेलं.

टेबलामागं एक तरुण न्यायाधीश बाई होत्या, शेजारी एक वकील आणि एक समाजसेवक. बाई दमलेल्या होत्या पण बोलायला नीट होत्या. त्यांनी दगडाबाईला विचारलं, "आजी, तुम्ही स्वतःच्या मर्जीनं मिटवताय ना? कुणाचा दबाव, धमकी, लालूच?"

"नाय बाई. माझ्या खुशीनं."

"आणि तुम्ही?" त्यांनी मधुसूदनकडं पाहिलं. पेन उचललेलंच होतं.

"नाही," तो म्हणाला.

"दबाव नाही, असंच ना?"

"तडजोड नाही. मला मिटवायचं नाही."

केशवनं त्याचा दंड धरला. "मॅडम, दोन मिनिटं द्या, जरा भांबावलेत ते." पण बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "यात तुमचाच फायदा आहे, हे कळतंय ना तुम्हाला? तडजोड झाली की कायद्यानं तुम्ही निर्दोष सुटल्यासारखेच."

"सुटल्यासारखे," तो म्हणाला. "मॅडम, जे मी केलंच नाही ते मला माफ होतंय. मला सांगायचंय काय झालं ते. पाच मिनिटं लागतील."

"ते इथं नाही सांगता येत. इथं खरंखोटं ठरत नाही, इथं फक्त मिटतं. ते तुमच्या कोर्टात सांगा." त्यांनी केशवकडं पाहिलं. "त्यांची इच्छा नसेल तर मी काही करू शकत नाही." त्यांनी त्याची फाईल उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवली. दगडाबाई काठी टेकत उठली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "हट्टी हाय," एवढंच म्हणाली, तेही त्याला नव्हे.

स्कूटरवर दमयंती मागं बसली होती आणि तिनं त्याला धरलं नव्हतं. क्रांती चौकात सिग्नलला थांबल्यावर त्यानं विचारलं, "तुला खरंच वाटतं का, की मी ढकललं?" हॉर्नच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं. घरी आल्यावर तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलली. "मी तिथं नव्हते. तुम्ही सांगता ते मी ऐकलंय, किती वेळा ऐकलंय ते तुम्हालाही माहीत नसेल. जेवताना, टीव्ही चालू असताना, पाहुणे आले की. कधीतरी मला वाटायला लागलं, ज्यानं केलं नाही तो इतकं कशाला सांगेल?" तिचे डोळे कोरडे होते. "आणि केलं असतंत तरी मी तुमच्यासोबत राहिलेच असते. ते तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा आणि मला सुटू द्या, एवढंच मागत होते मी." जबाब त्याच्या आत सुरू झाला होता, आधी चष्म्याचं, मग भांडणाचं, आणि तो दात दाबून त्याला थांबवायला बघत होता.

पुढच्या तारखेला साहेब रजेवर होते. दगडाबाई आली होती. आवारातल्या झाडाखाली काठी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मधुसूदन पायऱ्या चढत असताना तिनं हात वर करून त्याला बोलावलं. नुसता हात, चार बोटांनी, शेतातल्या माणसाला बोलावतात तसा. त्याला वाटलं, पुन्हा माफी. पुन्हा पदरात घेणं. त्याचं तोंड कडू झालं. तो वळला आणि बोर्डावर लावलेली त्या दिवसाची यादी वाचत उभा राहिला, आपलं नाव सापडल्यावरही वाचत राहिला. मागं वळला तेव्हा काकासाहेब तिला मोटारसायकलवर बसवत होता. दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन ती वारली.

मग केस एकाएकी भराभर चालली. फिर्यादी मयत. पुंजाराम गाव सोडून गेलेला, समन्स परत आलं. डॉक्टरांनी येऊन हाड मोडल्याचं सांगितलं; ते कुणी मोडलं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सरकारी वकिलांनी पुरावा संपल्याचं लिहून दिलं. मधुसूदन आरोपीच्या जागी उभा राहिला. निळा शर्ट. आता विचारतील, असं त्याला वाटत होतं, आणि त्याला पहिलं वाक्य स्पष्ट दिसत होतं. साहेब कागदावर बघत स्टेनोला काहीतरी सांगत होते. मग त्यांनी मान वर केली. "जा. निर्दोष." तो तिथंच उभा राहिला. "साहेब, मला विचारलं नाही," तो म्हणाला. साहेबांना ऐकू गेलं नाही. केशवनं त्याला बाहेर ओढलं. "अरे, तुझ्याविरुद्ध पुरावाच आला नाही, तर विचारणार काय? विचारण्यासारखं काही उरलंच नाही. जिंकलास की लेका!" आणि तो दुसऱ्या कोर्टात धावला.

काकासाहेब वाहनतळापाशी भेटला. निकाल ऐकायला आला होता की दुसऱ्याच कामाला, कोण जाणे. त्याचं डोकं नुकतं उगवलेल्या केसांचं होतं. "सुटलात ना सर? बरं झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. मधुसूदननं आईबद्दल दोन शब्द बोलून मग विचारलं, "त्या तारखेला झाडाखालून त्यांनी मला हात करून बोलावलं होतं. कशासाठी?"

"तुमच्याशी बोलायचं म्हणत होती. त्या लोकअदालतीपासून तिचं तेच चाललं होतं, त्याच्याशी बोलायचंय."

"काय बोलायचं होतं?"

"ते नाही सांगितलं."

"आठवून बघा. एखादा शब्द?"

"नाही ना सर. मला म्हणाली, तुझं काम नाय." काकासाहेबानं किल्ली बोटांत फिरवली, मग थांबवली. त्याला या माणसाची दया आली असावी. "बरं, तुम्हीच सांगा. मी कधी तुमच्या तोंडून ऐकलंच नाही. काय झालं होतं त्या दिवशी?"

एवढ्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं. मधुसूदननं सांगायला सुरुवात केली. वाक्यं आपोआप येत होती, एकामागून एक, न अडखळता. आधी चष्म्याचं. मग भांडणाचं, काहीही न लपवता. पावलापाशी आवाज जरा खाली आला, हातापाशी जरा थांबला. हे थांबणंही ठरलेलं होतं, हे त्याला थांबताना कळलं. तो स्वतःचं बोलणं ऐकत होता आणि ते घासून घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की पाठ केल्यासारखं वाटत होतं. त्याच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक तक्ता आधीच पाठ करून यायचं आणि डोळे मिटूनसुद्धा शेवटची ओळ वाचायचं, ते त्याला लगेच कळायचं. काकासाहेबालाही तसंच कळत होतं. तो मान हलवत होता, मायेनं, मोठ्या माणसासारखा.

"जाऊ द्या सर," तो शेवटी म्हणाला. "झालं गेलं. आमच्या मनात आता काहीच नाही."

"नाही, तसं नाही," मधुसूदन म्हणाला. "माझं सांगताना चुकलं. थांबा. पहिल्यापासून सांगतो."

काकासाहेबानं हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली. काचेआडून तो अजून मान हलवत होता, आणि इंजिनच्या आवाजात मधुसूदन त्याला सांगत राहिला.